सध्या मुक्काम पानिपत

"सध्या काय वाचताय?" हा प्रश्न मराठी माणूस दोनच प्रसंगी विचारतो. समोरच्याचा पगार, मुलाचं लग्न आणि गुडघे या तिन्हींची चौकशी उरकलेली असते तेव्हा. किंवा आपण स्वतः काय वाचतोय ते सांगायची घाई झालेली असते तेव्हा. दुसरा प्रसंग जास्त वेळा येतो. म्हणून जाणती माणसं "काही नाही हो, असंच," एवढं म्हणून लगेच "तुम्ही?" असं विचारतात. समोरचा मोकळा होतो, आपणही सुटतो.

ऐतिहासिक कादंबरीचे भक्त मात्र असं सुटू देत नाहीत आणि सुटूही इच्छित नाहीत. आमच्या उपनगरातल्या सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी या मंडळींची बैठक भरते. प्रत्येकानं आपण सध्या काय वाचतोय ते पाच मिनिटांत सांगायचं, असं फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. पाच मिनिटांत आजवर कुणाचाही अफझलखान विजापुराबाहेर पडलेला नाही.

या बैठकीचा पहिला अलिखित नियम म्हणजे कुणीही काहीही पहिल्यांदा वाचत नाही. "'स्वामी' परत वाचतोय," असंच म्हणायचं. रणजित देसायांची 'स्वामी' १९६२ सालची. तेव्हापासून ती लाखो लोकांनी वाचली असेल, पण ती पहिल्यांदा वाचणारा मनुष्य आमच्या बैठकीत कधी उगवला नाही. एकदा 'परत' म्हटलं की मग पहिल्यांदा कधी वाचली याचा लिलाव सुरू होतो, आणि तो उलटा चालतो.

"मी 'मृत्युंजय' आठवीच्या सुट्टीत वाचली."

"मी सहावीत. कांजिण्या आल्या होत्या."

"आमच्याकडे आजोबा मोठ्यानं वाचायचे. मी पाळण्यात होतो."

पाळण्याच्या खाली बोली जात नाही, कारण त्याआधीच्या जागेवर अभिमन्यू बसलेला आहे आणि तो पौराणिक. पौराणिक म्हटलं की 'मृत्युंजय' या बैठकीत चालते का, हा वाद निघतो. चालते, कारण ती काढली तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. शिवाजी सावंतांनी १९६७ साली त्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण या सहा जणांना एकेकट्यानं बोलायला लावलं. मध्ये कुणी तोडायला नाही. आमच्या सभासदांना हीच पद्धत पसंत आहे. इथंही एका वेळी सहा जण स्वगत म्हणत असतात आणि ऐकायला कुणीच नसतं.

दुसरा नियम असा की कितव्या पानावर आलात, हे विचारायचं नाही. पान विचारणं म्हणजे वाचकाला कारकून समजणं. विचारायचं ते "पोचलात कुठं?" असं. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचत होते, अर्थात परत. पहिल्या बैठकीत म्हणाले, "उदगीर मारलं. आता उत्तरेकडे कूच." पुढच्या महिन्यात दिल्ली घेतली होती, पण यमुनेला पूर होता, त्यामुळे काका चिंतेत होते. त्यापुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. नातू झाला की काय असं वाटून आम्ही अभिनंदन केलं, तर म्हणाले, "कुंजपुरा पडलं!"

आणि मग काका अडकले. सदाशिवरावभाऊंची फौज १७६० च्या ऑक्टोबरअखेर पानिपतात येऊन थांबली ती जानेवारीपर्यंत हलली नाही, काकाही हलेनात. दर बैठकीला विचारलं की मान हलवायचे आणि "पुढं जाववत नाही हो," म्हणायचे. शेवटी काकूंना फोन केला. "इथंच आहेत. पुस्तक पोटावर घेऊन पडलेत. हाका मारल्या तरी ताटावर येत नाहीत," असा खलिता आला. त्याच संध्याकाळी काकूंनी रसद तोडली. चहासुद्धा बंद. अब्दालीला ज्याला अडीच महिने लागले, ते काकूंनी सूर्यास्ताच्या आत साधलं. काका पुस्तक मिटून स्वयंपाकघरात दाखल झाले.

गंमत अशी की पुढं काय होणार हे काकांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. इतर कादंबऱ्या वाचणारे लोक एकमेकांना "शेवट सांगू नका हं," म्हणून विनवतात. आमच्याकडे तशी सोयच नाही. शिवरायांचा जन्मापासूनचा सगळा वृत्तांत चौथीच्या पुस्तकातच उरकलेला असतो, आणि १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते तिळगूळ खाताना आठवतं. तरीही पानिपतच्या आदल्या रात्रीचं प्रकरण आलं की आमचा वाचक उठून पाणी पितो, खिडकी उघडतो, बंद करतो. या खेपेला जमेल, असं त्याला कुठंतरी वाटत असतं. रहस्यकथेच्या वाचकाला खुनी कोण ते कळेपर्यंतच धाकधूक असते. आमच्या वाचकाला सगळं कळून तीस वर्षं झालेली असतात आणि धाकधूक तेवढीच.

ही धाकधूक किती पिढ्यांची आहे हे पाहायचं असेल तर आमच्या वाचनालयातली 'स्वामी'ची जुनी प्रत मागून घ्यावी. तिचा पुठ्ठा तीनदा बदललाय आणि कणा कापडी पट्टीनं बांधलाय. पहिल्याच कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : "शेवटी माधवराव जातात." त्याखाली शाईत : "तुम्हाला आत्ता कळलं?" त्याखाली वळणदार अक्षरात : "१८ नोव्हेंबर १७७२, थेऊर." आणि या सगळ्यांवर तिरकं, लाल बॉलपेननं, पुढच्या तीन पानांवर वळ उठतील इतक्या जोरात दाबून : "वाचनालयाची पुस्तके खराब करू नयेत!!"

आत राघोबादादा जिथं जिथं येतात तिथं समासात फुल्या आहेत. एका फुलीशेजारी दुसऱ्या हातानं लिहिलंय, "पुरावा काय?" त्याला उत्तर, "कादंबरी आहे ही." त्यावर, "मग बदनामी कशाला?" आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, "आपले आडनाव?" तिथं तो संवाद खुंटलाय. मागच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के आहेत. ऐंशीच्या दशकात रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची 'स्वामी' मालिका दूरदर्शनवर आली, त्या सुमाराला हे शिक्के एकमेकांच्या अंगावर पडलेत. ही प्रत वाचायला घेतली की कादंबरी आणि तिची बैठक दोन्ही एकदम घरी येतात.

बैठकीतला सर्वांत धोकादायक प्राणी म्हणजे तळटीपवाला. हा कादंबरी वाचतो ती तपासायला. त्याच्या पिशवीत त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' कायम असतं आणि त्यात खुणेसाठी घातलेल्या वीजबिलांमुळे ते मूळच्या दुप्पट झालंय. कुणी रंगात येऊन भाऊसाहेबांचा अखेरचा प्रसंग सांगत असला की तो शांतपणे म्हणतो, "हे कुठल्या बखरीत?" बोलणाऱ्याचा घोडा तिथंच बसतो. एका होतकरू लेखकाच्या शिवकालीन कादंबरीत मावळे पहाटे चहा घेतात, हे वाचल्यापासून या गृहस्थांची झोप उडालेली आहे. चहा आपल्याकडे केव्हा आला याची टिपणं त्यांनी काढली आणि त्या लेखकाला पाठवली. लेखकाचं उत्तर आलं, "सूचनेबद्दल आभार. पुढील आवृत्तीत कॉफी करतो."

पण तळटीपवाल्यांचं एक दुःख खरं आहे. संभाजीमहाराजांवर साचलेली पुटं वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं चाळून काढली आणि १९६० साली चरित्र लिहिलं. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची 'छावा' आली आणि लोक सावंतांना धन्यवाद देऊ लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत सिनेमा आला आणि आता धन्यवाद विकी कौशलला जातात. "यापुढं श्रेय कुणाला जाणार?" असं मी सहज विचारलं. "पॉपकॉर्नवाल्याला," ते म्हणाले आणि शेजवलकरांत वीजबिल खुपसलं.

तळटीपवाल्यांच्या समोर प्रस्तावनावाले बसतात. 'श्रीमान योगी' ही हजारावर पानांची कादंबरी. तिला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे, आणि ती इतकी भरगच्च आहे की काही लोक तेवढ्यावरच तृप्त होऊन उठतात. "कुरुंदकर म्हणतात त्याप्रमाणं," एवढ्या शिदोरीवर माणसाला वीस वर्षं चर्चा करता येते. कादंबरीबद्दल विचारलं तर "ती काय, आपण सगळ्यांनीच वाचलीय," म्हणायचं. यात 'सगळ्यांनी' हा शब्द स्वतःला वगळून वापरलेला असतो.

त्याहून वरच्या पायरीवर 'मोचनगड'वाले. रा. भि. गुंजीकरांची ही १८७१ सालची कादंबरी मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. "सध्या 'मोचनगड' वाचतोय," असं कुणी म्हटलं की बैठक चिडीचूप होते, कारण पुढचा प्रश्न विचारायला लागणारी माहिती कुणाकडेच नसते. ज्यानं वाक्य टाकलं त्याच्याकडेही ती असेलच असं नाही. हा ब्रह्मास्त्रासारखा प्रकार आहे; वर्षातून एकदाच सोडावा.

हातात न मावणारी ही पुस्तकं वाचायची कशी, हाही बैठकीचा कायमचा विषय आहे. लोकलमध्ये उभ्यानं 'श्रीमान योगी' वाचता येत नाही. एक हात कडीला असतो आणि दुसऱ्या हातानं ती पेलत नाही. झोपून वाचावी तर डुलकी लागताच महाराज नाकावर येतात. यावर झोपून वाचणारे नाथमाधवांचा दाखला देतात. शिकारीला गेले असता ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कंबरेखालचं शरीर लुळं झालं, आणि मग अंथरुणावरूनच त्यांनी स्वराज्याच्या कादंबऱ्यांची मालिका उभी केली. "त्यांनी पडून लिहिल्या, आम्हाला पडून वाचायला काय झालं?" हा युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त तो दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानच ऐकू येतो.

अलीकडे कानांनी वाचणारेही आलेत. ते गाडी चालवताना ऐकतात. "वाचतोय" म्हणावं की "ऐकतोय", यावर एक अख्खी बैठक खर्ची पडली. पुण्याला रोज जाणारे एक सभासद सांगत होते, "चांदणी चौकात अडकलो आणि नेमकी तिकडं अब्दालीनं वाट अडवली. पुढं ट्रक, मागं ट्रक. भाऊंची अवस्था जितकी मला समजली तितकी तुम्हाला घरात बसून कळणार नाही." हा अनुभव पुराव्यादाखल ग्राह्य धरण्यात आला.

या बाबतीत हरिभाऊ आपट्यांच्या वाचकांचं बरं होतं. 'उषःकाल' त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती. आठवड्याला जेवढं छापून येईल तेवढंच सगळ्यांना मिळायचं. कोण कुठं पोचलंय हे विचारायची गरजच नव्हती. वकील आणि विद्यार्थी एकाच मजकुराला येऊन थांबलेले असत. पुढं जाऊन ऐट मारायची सोय नसलेला तो काळ आमच्या मंडळींना मानवला नसता.

वाचनाचा परिणाम बोलण्यावर होतो तो निराळाच. आयटीत असलेले आमचे एक सभासद ना. सं. इनामदारांची 'राऊ' वाचत असताना त्यांनी आपल्या चमूला ईमेल धाडलं : "सोमवारी नवी आवृत्ती चढवावयाची आहे. सर्वांनी जय्यत तयारीनिशी हजर व्हावे. कसूर होऊ न द्यावी. बहुत काय लिहिणे." चमूतल्या निम्म्या पोरांना साहेब नोकरी सोडतायत असं वाटलं. घरीही तेच. "भाजी कुठली करू?" असं बायकोनं विचारलं तर "मसलतीला बसून ठरवू," म्हणाले. बायको म्हणाली, "बसा. मी डबा मागवते."

या सगळ्या तलवारींच्या खणखणाटात एकच आवाज वेगळा आहे, तो दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका वहिनींचा. त्या इनामदारांचीच 'शिकस्त' वाचतात, भाऊसाहेबांच्या पार्वतीबाईंची. "तुम्ही सगळे लढाई संपली की पुस्तक मिटता," वहिनी म्हणाल्या. "नवरा रणात पडला हे न मानता ही बाई पुढं जगली. त्यात भाऊंचा तोतया उभा राहिला. ते वाचा की." मग त्यांनी बँकवाल्या काकांकडे मोर्चा वळवला. "फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, बुणगे होते. इतक्या तोंडांचा स्वयंपाक कोण करत होतं? तुमच्या नकाशात चुली कुठं आहेत?" काकांनी नकाशा उलटा करून पाहिला. चुली नव्हत्या. तळटीपवाले म्हणाले, "प्रश्न महत्त्वाचा आहे," आणि त्यांनी तो लिहून घेतला. वहिनींच्या आधी तो प्रश्न काकूंनी कृतीनं विचारला होता, पण त्याची नोंद झाली नाही.

बैठकीचा शेवटचा अर्धा तास 'जर-तर'साठी राखीव असतो. शेवट ठरलेला असला की माणसाचं सगळं बळ तो बदलण्यात जातं. माधवराव अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. ते आणखी दहा वर्षं जगले असते तर? बाजीराव रावेरखेडीला तापानं गेले नसते तर? इथून सुरुवात होते आणि वीस मिनिटांत इंग्रज परत जहाजात चढतात, अटकेपार कायमचं ठाणं बसतं, दिल्लीचा सगळा कारभार मोडीत चालू लागतो. एकदा या भरात कुणीतरी विचारलं, "आणि मग आपण आज कुठं असतो?" सगळे विचारात पडले. बँकवाले काका बऱ्याच वेळानं म्हणाले, "असतो इथंच. पण सोसायटीचा मेंटेनन्स एवढा नसता."

गेल्या उन्हाळ्यात या बैठकीत मोटारसायकलवरून एक मुलगा आला. काउंटरवर त्यानं "ते सिनेमावालं पुस्तक आहे का?" असं विचारलं होतं. ग्रंथपालबाईंनी 'छावा' पुढं ठेवली. त्यानं ती एका हातानं उचलली, मग दोन्ही हातांनी, आणि विचारलं, "यातलं किती वाचायचं?" बाई म्हणाल्या, "जमेल तेवढं. नाही जमलं तर बैठकीला या." तो आला. त्याची पाळी आली तेव्हा उभा राहून म्हणाला, "'छावा' वाचतोय. पहिल्यांदाच."

बैठकीत खळबळ माजली. मागच्या रांगेतले मान उंचावून बघू लागले. पाळण्यात 'मृत्युंजय' ऐकलेले गृहस्थ चष्मा पुसू लागले. इतक्या वर्षांत असा माणूस कुणी पाहिला नव्हता. सगळ्यांना त्याचा हेवा वाटला, कारण 'परत' कितीही अभिमानानं म्हटलं तरी पहिली खेप काही परत मिळत नाही. तळटीपवाले तोंड उघडणार तोच काका कडाडले, "खबरदार! पुढचं काही सांगू नका त्याला. शेवट तर अजिबात नको!"

"अहो काका," मुलगा म्हणाला, "मी सिनेमा बघितलाय."

"म्हणून काय झालं?" काका म्हणाले. "वाचताना बघ. तुलाही वाटेल, संगमेश्वरातून निसटतील."

मुलाला 'छावा'नंतर 'पानिपत' हवी होती. वाचनालयात तिची एकच प्रत, आणि ती काकांकडे. मुदत कधीच उलटलेली. ग्रंथपालबाईंनी त्याच बैठकीत रजिस्टर उघडलं आणि दिवसाला एक रुपया या दरानं दंड मोजून काकांपुढं ठेवला. काकांनी आकडा पाहिला, छाती काढली आणि म्हणाले, "चौथाई देतो."

"चौथाई मराठे घ्यायचे, काका. द्यायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही ती काढलीच आहे, तर वर सरदेशमुखीचे दहा टक्के होतात. ते पुस्तक आणाल तेव्हा घेईन. तोवर दंड पूर्ण."

तळटीपवाल्यांनी मान डोलावली. या हिशेबाला पुरावा होता.